राजकन्या कुमुद आणि खरं ऐकणारी रोपं

आलात का सगळे? बकुळ, पाय पांघरुणात घे. छोटू, तिची उशी सोड बघू. हं, आता ऐका.

एक होता राजा. त्याच्या राज्यात नदी होती, डोंगर होते, हत्ती होते, घोडे होते. पण एक गोष्ट नव्हती. फोडणीचा वास नव्हता. अख्ख्या राज्यात कुठल्याच घरातून कधीच वास यायचा नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं? तर सांगते.

या राजाची राणी होती सगुणा. ती काही राजाची मुलगी नव्हती बरं का. भाजीचा मळा करणाऱ्या माळ्याची लेक. राजवाड्यात आली तरी तिचे हात आपले मातीत. सज्जात, जिन्यावर, खिडक्यांत, जिथे म्हणून ऊन येईल तिथे तिनं कुंड्या मांडल्या. कोथिंबीर, पुदिना, कढीलिंब, गवती चहा, ओवा. मुदपाकखान्यात आचारी ढीगभर होते, पण राजाच्या आमटीवर कोथिंबीर घालायची ती हिनंच. स्वतः खुडायची, स्वतः चिरायची. तिच्या बोटांना सदा तो वास. राजा जेवायला बसला की ती मागून हळूच यायची. पैंजण नाही वाजायचं, बांगडी नाही वाजायची. नुसता वास यायचा, आणि राजाला कळायचं, सगुणा आली.

मग त्यांना एक मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं कुमुद. आणि कुमुद रांगायला लागायच्या आधीच राणीला ताप भरला. वैद्य झाले, काढे झाले, लेप झाले. पण राणी काही राहिली नाही. गेली.

मग काय झालं, राजा जेवायला बसला. वाढप्यानं आमटी वाढली, वर कोथिंबीर घातली. वास आला. राजानं चटकन मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वास यायचा, राजा वळायचा, आणि मागं नुसती भिंत. एक दिवस त्यानं ताट सरकवलं आणि उठला. म्हणाला, "राजवाड्यातल्या सगळ्या कुंड्या फोडून टाका."

फोडल्या. पण गावातून वारा यायचा ना! कुणाच्या तरी कढीचा वास, कुणाच्या तरी चटणीचा वास. राजा जिथे असेल तिथे वळून बघायचा. मग त्यानं दवंडी पिटवली. कोथिंबीर लावायची नाही. पुदिना लावायचा नाही. कढीलिंब लावायचा नाही. फोडणी घालायची नाही. ज्याच्या घरातून वास येईल, त्यानं राज्य सोडून जायचं.

आणि वास हुंगायला शिपाई नेमले. कसले शिपाई, माहीत आहे? लांब नाकाचे! ज्याचं नाक लांब त्याला नोकरी. ते आपले सकाळसंध्याकाळ गल्लीबोळांतून फिरायचे. नाक वर करून, हुं हुं हुं हुं. हसू नकोस छोटू, लोकांना फार भीती वाटायची त्यांची.

मग लोक दारंखिडक्या लावून स्वयंपाक करायला लागले. शिजवलेलं, मीठ घातलेलं, बस. आता शेजारी काय शिजतंय ते शेजाऱ्याला कळेना. पूर्वी कसं, वास आला की बाई भिंतीवरून विचारायची, "काय ग, आज कढी वाटतं?" मग वाटी जायची, वाटी यायची. ते सगळं थांबलं. लोक एकमेकांशी बोलायचेच थांबले. गाव भरलेलं, पण बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणी राहतच नाही.

आणि सगळ्यांत एकटी कोण होती? कुमुद.

ती आता तुमच्याएवढी झाली होती. तिच्यासाठी चांदीचा पाळणा होता, मोत्यांच्या बाहुल्या होत्या. पण खेळायला कुणी नव्हतं. आई नव्हती. बाप होता, पण तो तिच्याकडे यायचा नाही. सणावाराला दरबारात ती लांबून नमस्कार करायची. राजा तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणायचा, "सुखी राहा." संपलं. तिला सांभाळायला एक म्हातारी दाई होती, धुरपाबाई. ती मायाळू होती, पण कमी बोलायची. बोलता बोलता राणीचं नाव तोंडून जाईल, अशी तिला धास्ती.

कुमुदला रोज पांढरा भात, उकडलेली डाळ आणि दूध. ती दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मग खिडकीत जाऊन बसायची. खाली अंगण, अंगणापलीकडे तट, तटापलीकडे गाव. गावातल्या सगळ्या खिडक्या बंद. ती एक एक खिडकी बघत बसायची, एखादी तरी उघडेल म्हणून.

एकदा काय झालं, अशीच ती सकाळी बसली होती. आणि वाऱ्यावरून एक म्हातारी आली. तुम्ही पकडता ना, ती पांढरी पांढरी, कापसासारखी, वाऱ्यावर उडणारी? तीच. कुमुदनं हात पुढे केला, आणि ती अलगद तळहातावर बसली. मग ती शिंकली. म्हातारी शिंकली! कुमुद बघते तर ती खरोखरची म्हातारी. बोटाच्या पेराएवढी. भोवती पांढऱ्याशुभ्र केसांचा पिंजारलेला गोल आणि मधे इवलंसं सुरकुतलेलं तोंड.

"काय ग पोरी," ती म्हणाली, "या गावाला झालंय तरी काय? मी एवढं जग फिरले, पण बिनवासाचं गाव पहिल्यांदाच बघितलं."

कुमुद म्हणाली, "वास म्हणजे काय?"

म्हातारीनं कुमुदकडे नीट निरखून बघितलं. मग तिनं केसांत हात घातला आणि एक गोल, पिवळसर दाणा काढला.

"हा धणा," ती म्हणाली. "लाटण्याखाली हलकेच चिरड, दोन फाका होतील. दोन्ही पेर. मडक्याला खाली भोक हवं, भोकावर खापरी ठेव, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतील. वरून माती अगदी पातळ. पाणी ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं. आणि एक ध्यानात ठेव. माझं बी पाण्यावर उगवतं, पण वाढतं खऱ्यावर. रोज त्याच्याशी बोल. मनात असेल तेच बोल. खोटं बोललीस तर पान गळेल."

"तू थांब ना इथे," कुमुद म्हणाली. "आपण दोघी बोलू त्याच्याशी."

"मला थांबता येत नाही ग बाळ. वारा चल म्हणाला की चल." एवढं बोलेपर्यंत वारा आलाच, आणि ती गेलीसुद्धा.

मग कुमुदनं धुरपाबाईकडून दुधाचं एक चिरलेलं गाडगं मागून घेतलं. बूड आधीच फुटलं होतं, भोक काही पाडावं लागलं नाही. घोड्यांच्या पागेतून जुनी लीद आणि माती आणली. धणा चिरडला, पेरला, पाणी शिंपडलं. आणि राजवाड्यातली मुलं बोलतात तसं शहाण्यासारखं बोलली, "मी राजकन्या कुमुद. मी अगदी मजेत आहे."

रोज असंच बोलायची. एक कोंब आला, बारीक पोपटी. पण पान उघडलं की पिवळं पडायचं. उघडलं की पिवळं. एक दिवस कुमुदला रडूच आलं. ती गाडग्यावर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "मी मजेत नाही रे. मला फार एकटं वाटतं. मला कुणी हाकच मारत नाही."

तिनं डोळे पुसून बघितलं. पिवळं पान हिरवं झालं होतं.

मग ती रोज खरं सांगायला लागली. "मला खेळायला कुणी नाही." "मला आईचा चेहरा माहीत नाही." "आज मी दिवसभर एक शब्द बोलले नाही." ती सांगायची आणि रोप वाढायचं. काही दिवसांत गाडगं हिरवंगार भरलं. झालरीसारखी नाजूक पानं. तिनं एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मग तोंडात टाकलं. आणि बरं का, जन्मात पहिल्यांदा तिला भूक लागली! खरीखुरी, पोटात खड्डा पाडणारी भूक. तिनं भातावर कोथिंबीर पसरली आणि वाडगाभर भात संपवला.

धुरपाबाई आत आली. दारातच थबकली. तिला वास आला होता. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"धुरपाई, काय झालं?"

"राणीसाहेब आल्या असं वाटलं ग चिमणे."

मग त्या दिवशी धुरपाबाईनं सगळं सांगितलं. आई कशी दिसायची, कशी हसायची, कुंड्यांना पाणी घालताना ओचा कसा खोचायची. कुमुद ऐकत राहिली. ऐकताना तिला बरंही वाटलं आणि आतून दुखलंही. दोन्ही.

पण खुडलेल्या पानाचा वास खिडकीतून खाली गेला होता. हुं हुं हुं हुं! लांब नाकाचे शिपाई वर आले. त्यांनी गाडगं उचललं आणि राजाच्या महालाकडे नेलं. राजानं दारसुद्धा उघडलं नाही. आतूनच म्हणाला, "फेकून द्या." खाली फरसबंद अंगण होतं. गाडग्याचे तुकडे झाले.

कुमुद परत खिडकीत. बघत बसायची, पांढरं काही उडताना दिसतंय का. आणि एक दिवस म्हातारी आली. या खेपेला जरा दमलेली, केस थोडे कमी झालेले. तिनं पुदिन्याची एक काडी आणली होती.

"हिला बी लागत नाही," म्हणाली. "खालची पानं काढ, काडी ओल्या मातीत खोच. सावली चालते. ही हट्टी असते. जगायचं म्हणते आणि जगते."

"तू नको ना जाऊस," कुमुद म्हणाली. पण वारा आला आणि ती गेली.

या खेपेला कुमुदनं आंघोळीचं जुनं घंगाळ घेतलं. काडी खोचली. पण सांगायला बसली तर तिला एकटेपणाचं काही सांगवेना. मनात दुसरंच होतं. ती दातओठ खाऊन म्हणाली, "मला आबासाहेबांचा राग येतो! माझं रोप फोडलं. एकदा बघितलंही नाही. ते कधीच बघत नाहीत. मला खूप खूप राग येतो!"

आणि पुदिना असा फोफावला म्हणता! घंगाळ भरलं, काठावरून बाहेर पडला, खिडकीतून उतरला, भिंतीवरून खाली लोंबायला लागला. जेवढा राग तेवढा पुदिना. कुमुदला हसू यायला लागलं. हसली आणि परत रागावली, की आणखी हातभर वेल!

खाली पहाऱ्यावर एक शिपाई फिरत होता. लोंबणाऱ्या पुदिन्यावर त्याचा पाय पडला. पानं चुरगळली, वास सुटला. झालं! घंगाळही गेलं आणि पुदिनाही गेला. आणि राजानं हुकूम दिला, "राजकन्येच्या खिडकीला फळ्या ठोका."

सुतार आले, फळ्या ठोकल्या, निघून गेले. खोलीत भर दिवसा अंधार झाला. आता गाव दिसेना, तट दिसेना, आभाळ दिसेना. धुरपाबाई दिवा लावायची, पण दिव्याचं आणि उन्हाचं कसं सारखं होईल? कुमुदनं जेवण सोडलं. दूध सोडलं. धुरपाबाई घास पुढे करायची आणि ती मान भिंतीकडे वळवायची.

पण एका फळीत गाठ होती, आणि गाठ निघून तिथे बोराएवढं भोक पडलं होतं. त्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आत यायचा. एक दिवस त्या कवडशातून म्हातारी आली. तिच्या डोक्यावर आता मोजकेच केस उरले होते. येऊन ती कुमुदच्या उशीवर पडली.

"हे शेवटचं," म्हणाली, आणि तिनं एक टपोरं काळं फळ दिलं. "कढीलिंब. वरची साल काढून बी लाव. हे सावकाश येतं. याला ताक आवडतं, अधूनमधून मुळाशी घाल. घाई करू नकोस."

"आणि तू?"

"मला आता वारा उचलत नाही बाळ. केसच उरले नाहीत. मी कुठेतरी जमिनीला टेकेन. घाबरू नकोस, आम्ही उडतो ते टेकण्यासाठीच." मग ती थोडा वेळ उशीवर बसून राहिली. पहिल्यांदाच थांबली. कुमुद तिच्याकडे बघत बघत झोपली, आणि उठली तेव्हा उशीवर कुणी नव्हतं. ती परत कधी आली नाही. गोष्ट आहे म्हणून खोटं कशाला सांगू? नाही आली.

कुमुदनं एका लोट्यात बी लावलं. लोटा कवडशात ठेवला. ऊन सरकलं की लोटा सरकवायचा. सकाळी पलंगाशी, दुपारी खोलीच्या मधोमध, संध्याकाळी दाराशी. एवढ्याशा उन्हावर बी उगवलं. दोन पानं आली आणि थांबलं.

तिनं खरं सांगितलं. एकटेपणा सांगितला. राग सांगितला. आईची आठवण काढता येत नाही, कारण आठवणच नाही, तेही सांगितलं. म्हातारी गेली त्याचं दुःख सांगितलं. रोप ऐकायचं. सुकायचं नाही, पण वाढायचंही नाही. दोनच्या दोन पानं. मग तिच्याजवळ सांगायला काही उरलं नाही. तिला उठवेनासं झालं. लोटा सरकवायलाही उठवेना. तिलासुद्धा ताप भरला होता, तिच्या आईसारखा.

मग धुरपाबाई उठली. जन्मभर कमी बोललेली बाई ती. सरळ राजाच्या महालात गेली. पहारेकरी अडवायला लागले तर त्यांच्या हाताखालून गेली. राजापुढे उभी राहिली.

"महाराज, पोर हातची चालली."

राजा पांढरा पडला. "वैद्यांना बोलवा."

"वैद्य येऊन गेले महाराज. आता बापाला बोलवायचं राहिलंय. म्हणून आले."

राजा उठला आणि तिच्या मागोमाग चालायला लागला. स्वतःच्याच वाड्यात त्याला मुलीच्या खोलीची वाट माहीत नव्हती. धुरपाबाई पुढे, राजा मागे.

आत अंधार. कवडशापासून वीतभर लांब लोटा, लोट्यात रोप. राजानं आधी काय बघितलं असेल? मुलीला नाही. रोपाला. त्याला मुलीकडे बघायचंच धाडस होईना. तो ओरडला, "परत? परत हेच?" आणि त्यानं फेकायला लोटा उचलला.

पलंगावरून बारीक आवाज आला. "फेका आबासाहेब. पण त्याआधी त्याला एकदा खरं काहीतरी सांगा. ते त्याच्यावरच वाढतं. माझं सगळं सांगून झालं."

राजाचा हात तसाच थांबला. मग तो दरबारात बोलतो तसा बोलला, "मी राजा आहे. मला कसलंही दुःख नाही."

टप्. एक पान गळलं.

राजा दचकला. मग म्हणाला, "मी जे केलं ते... ते प्रजेच्या भल्यासाठी केलं."

टप्. दुसरं पान गळलं.

आता लोट्यात नुसती काडी राहिली, काडेपेटीतल्या काडीसारखी. धुरपाबाईनं तोंडावर हात धरला. कुमुदनं डोळे मिटले. राजा त्या काडीकडे बघत खाली बसला, जमिनीवर.

"मला तिच्याशिवाय जेवता येत नाही," राजा म्हणाला. "वास आला की मी वळतो, आणि ती नसते. रोज एकदा गेली असती तरी चाललं असतं, पण ती प्रत्येक घासाला जायची. म्हणून मी वासच बंद केला. आणि तुझं नाक तिचं आहे, कुमुद. हनुवटी तिची आहे. मला वाटायचं, तुझ्याकडे बघितलं आणि तूही गेलीस तर? म्हणून मी तुझ्याकडे कधी बघितलंच नाही. मला भीती वाटते ग. मी राजा आहे आणि मला रोज भीती वाटते."

आणि त्यानं मान वर करून मुलीकडे बघितलं. अगदी नीट. पहिल्यांदा.

काडीच्या टोकाला काहीतरी हललं. तांबूस, इवलासा कोंब. मग त्याला पान. पानाच्या समोर पान. फांदी झाली, फांदीला फांदी. राजाच्या हातातला लोटा जड झाला, त्यानं तो खाली ठेवला. कढीलिंब वाढत वाढत खिडकीशी गेला, फळ्यांना टेकला, आणि फळ्या कडाकडा निघून अंगणात पडल्या. खोलीभर ऊन आलं.

उन्हात बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी राजानं विचारलं, "तुला भूक लागलीय?"

कुमुद म्हणाली, "हो."

राजा उठला. कढीलिंबाचा एक डहाळा मोडून घेतला आणि स्वतः मुदपाकखान्यात गेला. आचारी पळापळ करायला लागले. राजा म्हणाला, "बाजूला व्हा. मी करतो." त्याला कुठे येत होतं? धुरपाबाई सांगेल तसं. कढल्यात तूप घातलं, तापल्यावर जिरं, मग हिंग, मग कढीलिंब. चर्रर्र! पानं अशी तडतडली की राजा हातभर मागे उडाला, मुकुट गेला पिठाच्या डब्यात! पण फोडणी झाली. साध्या वरणावर ओतली, मऊ भात कालवला, आणि लेकीला एक एक घास भरवला. घास संपत गेले, आणि तिच्या कपाळाला घाम फुटला. ताप उतरत होता.

पण वास? वास गेला ना! जिन्यावरून, अंगणातून, तटावरून, सगळ्या गावावर. हुं हुं हुं हुं! शिपाई धावत आले. त्यांचा नायक सगळ्यांत पुढे, सगळ्यांत लांब नाकाचा. बघतो तर राजाच भाताचा वाडगा घेऊन बसलेला.

"महाराज, वास..."

"हो," राजा म्हणाला. "मी केला."

नायकाचं ते लांब नाक लाल लाल झालं. तो मटकन गुडघ्यांवर बसला. म्हणाला, "महाराज, मला शिक्षा करा. माझ्याही घरी एक कुंडी आहे. कोथिंबिरीची. पलंगाखाली, टोपलीखाली झाकलेली. आम्ही एकही पान कधी मोडलं नाही, वास येईल म्हणून. नुसतं बघतो. पण फेकायला हातच झाला नाही."

मग त्याच्या मागचा शिपाई म्हणाला, "माझ्या घरी पुदिना आहे. माळ्यावर." तिसरा म्हणाला, "माझ्याकडे ओवा."

राजानं त्या क्षणी दवंडी पिटवली, बंदी उठली म्हणून. लोकांना आधी खरंच वाटेना. मग एक खिडकी उघडली. एका बाईनं भीत भीत कढीलिंबाची कुंडी बाहेर ठेवली. समोरची खिडकी उघडली, तिथेही कुंडी. शेजारची उघडली, तिथेही. धान्याच्या कोठीमागून, न्हाणीघरातून, जात्याखालच्या खड्ड्यातून लोकांनी मडकी काढली, गाडगी काढली, फुटके घडे काढले. सगळ्या गावात, प्रत्येक घरात एक एक रोप होतं. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्या एकट्याच्याच घरात आहे. बायका खिडक्यांतून एकमेकींकडे बघायला लागल्या. "अग, तुझ्याकडेपण?" "आणि तुझ्याकडे?" हसत होत्या आणि रडत होत्या.

त्या संध्याकाळी गावात घरोघरी फोडणी पडली. भिंतीवरून वाट्या गेल्या, वाट्या आल्या.

कुमुद बरी झाली. तिला खेळायला मैत्रिणी मिळाल्या, नायकाचीच मुलगी होती एक, लांब नाकाची आणि फार हसरी. धुरपाबाई इतकी बोलायला लागली की तिला गप्प करावं लागे. आणि राजा रोज कुमुदजवळ जेवायला बसतो.

राणी काही परत आली नाही. गेलेलं माणूस येत नाही. कधी कधी जेवताना राजाचा हात थांबतो, कधी कुमुदचा थांबतो. मग ज्याचा थांबेल तो म्हणतो, "आज मला तिची फार आठवण येतेय." दुसरा म्हणतो, "मलापण." आणि मग वरण निवायच्या आत दोघं जेवून घेतात.

तर असे ते सगळे सुखानं राहिले. झाली गोष्ट. बकुळ झोपली वाटतं. छोटू, तूही मीट डोळे. मी आहे इथे, तुम्हांला झोप लागेपर्यंत.